तळवलीचं गोल मैदान

अर्ज लिहावा तर कमळाकर मढवींनी, असं तळवलीत सगळे म्हणत, आणि सगळ्यांच्या आधी कमळाकर स्वतः म्हणत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते, पण जीव सगळा शुद्ध मराठीत अडकलेला. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव असो की विजेचा खांब, गावातला माणूस त्यांच्या ओट्यावर येऊन बसे आणि कमळाकर पेनाचं टोपण काढता काढता बजावत, अर्जात एक शब्द जास्त नको, एक कमी नको. अशा माणसाकडे नवजीवन क्रीडा मंडळाचं सचिवपद सोळा वर्षं राहिलं, यात नवल नाही. फुटबॉलला त्यांनी आयुष्यात पाय लावलेला नव्हता, पण मंडळाचे लेटरहेड त्यांच्याच कपाटात होते.

हे मंडळ एक्क्याऐंशी साली बेघर झालं. नव्या शहराला पाणी नेणारा माणूसभर उंचीचा पाइप नेमका मंडळाच्या मैदानातून गेला, आणि उरलेल्या जागेवर खोदलेल्या मातीचे डोंगर उभे राहिले. तेव्हापासून नवजीवनची पोरं घरचा सामनाही वाशीला जाऊन खेळत. वाशीच्या कॉलनीतला क्लब भला होता. मैदान द्यायचा, लिंबूसरबत द्यायचा आणि प्रत्येक वेळी फळ्यावर ‘पाहुण्यांचे स्वागत’ असं लिहायचा. स्वतःच्याच घरच्या सामन्याला पाहुणे, तेही सलग तीन वर्षं! कॅप्टन दिलीपला ते फार लागे. त्याचा उजवा गुडघा कामातून जात चालला होता आणि तो सगळ्यांना सांगायचा, एकदा आपल्या मैदानात खेळलो की सुटलो, मग गुडघा गेला तरी चालेल.

चौऱ्याऐंशी साली पाइप एकदाचा जमिनीत गेला आणि नव्या शहराच्या ऑफिसातून पत्र आलं: मैदान पुन्हा बांधून मिळेल, कसं हवं त्याचा अर्ज करावा. कमळाकरांनी टोपण काढलं.

पहिल्याच ओळीला ते अडले. ‘फुटबॉल’ हा इंग्रजी शब्द सरकारी अर्जात घालणं त्यांना सोवळ्यात चप्पल घातल्यासारखं वाटलं. ‘पदकंदुक’ लिहावं, तर कारकून अर्ज कंदमुळांच्या खात्यात पाठवील. शेवटी त्यांना गावाचाच शब्द आठवला. दोन टोकांना गोलचे बांबू रोवलेले असल्यामुळे गाव त्या जागेला ‘गोलाचा मैदान’ म्हणे. हे जरा गावंढळ वाटलं म्हणून कमळाकरांनी ते घासूनपुसून शुद्ध केलं आणि झोकदार अक्षरात लिहिलं: ‘तरी मंडळाचे गोल मैदान पूर्ववत बांधून मिळावे, ही नम्र विनंती.’

अर्ज इंजिनीयर रावसाहेबांच्या टेबलावर गेला. रावसाहेब बीडकडचे, सरळ माणूस, लिहिलं असेल तेच करणार. लहानपणापासून त्यांनी कुस्त्या पाहिलेल्या. क्रीडा मंडळ म्हणजे तालीम, आणि गावाकडं कुस्तीचं मैदान गोलच धरतात, तेव्हा त्यांना यात काही वावगं दिसलं नाही. दोन महिन्यांत तळवलीत तीन एकरांचं, कर्कटकाने आखावं तसं वाटोळं मैदान उभं राहिलं. भोवती कमरेएवढी भिंत, तीही वाटोळी.

गाव बघायला लोटलं. गोलकीपर दत्तू भिंतीला धरून एक पूर्ण फेरी मारून आला आणि म्हणाला की कॉर्नर कुठं सापडत नाही. सगळे कमळाकरांकडे बघू लागले. आपला शब्द डोळ्यांसमोर तीन एकर पसरलेला कमळाकरांना स्वच्छ दिसत होता. पण सोळा वर्षांची अब्रू होती. त्यांनी घसा खाकरून जाहीर केलं की इंजिनीयर मूर्ख आहे, आणि आपण त्याला असा अर्ज ठोकतो की तो जन्मात विसरणार नाही.

खरं तर रावसाहेबांच्या ऑफिसात जाऊन दोन वाक्यं बोलली असती तरी भागलं असतं. पण बोलायला गेलं की मूळ अर्ज बाहेर निघणार! म्हणून कमळाकरांनी लिहिलंच: ‘मैदान गोल नको होते, मैदानास गोल हवे होते. तरी दोन्ही टोकांस एकेक गोल त्वरित बसवून द्यावा.’

रावसाहेबांनी हे तीनदा वाचलं, हेड क्लार्कला वाचायला दिलं, आणि दोघांनी मिळून अर्थ लावला. पंधरा दिवसांत मैदानाच्या दोन टोकांना सिमेंटचे दोन वाटोळे कट्टे बांधून झाले. दोन फूट उंच, वर गुळगुळीत लादी. मानकऱ्यांना बसायला.

आता मात्र तिसरा अर्ज लिहायची कमळाकरांची हिंमत होईना. पोरांनी गुपचूप चुन्याची फक्की आणली, वाटोळ्यात बसेल तेवढा चौकोन आखला आणि बांबू रोवायला गेली, तर बरोब्बर बांबूंच्या मध्ये कट्टा. दत्तू त्यावर चढून उभा राहिला. इथून वाशी दिसते, म्हणाला. दिलीपने वाशीच्या क्लबला निरोप धाडला की रविवारी या, या वेळी पाहुणे तुम्ही.

रविवारी सकाळी वाशीची टीम आली, गाव भिंतीवर बसलं आणि जीपमधून रावसाहेब उतरले. त्यांच्या मागे उद्यान शाखेचा एक माणूस होता, आणि जीपमध्ये बोगनवेलीची चाळीस रोपं. रावसाहेबांनी ताबापावती काढली. मैदान अर्जाप्रमाणे मिळालं अशी सचिवांनी सही करायची, म्हणजे ते मंडळाचं. तसं नसेल तर सही करू नये, मैदान आजच उद्यान शाखेकडे जाईल, असा आकार त्यांना बागेला पसंत आहे.

कमळाकरांनी घाईघाईने पेन काढलं. पण रावसाहेबांनी पावतीवर हात ठेवला.

"थांबा मढवीसाहेब. न वाचता अंगठे देऊन आमच्याकडं लोकांच्या जमिनी गेल्यात. मी सहीच्या आधी सगळे कागद चारचौघांत वाचून दाखवतो. आधी तुमचा अर्ज."

कमळाकर म्हणाले की कशाला उगीच, उन्हं चढताहेत, मंडळी सुशिक्षित आहेत. रावसाहेब म्हणाले की अर्जाप्रमाणे नसेल तर तसं सांगा, मग वाचायचं कारण नाही, रोपं उतरवून घेतो. उद्यान शाखेचा माणूस जीपकडे वळलासुद्धा.

"वाचा ना सायेब," भिंतीवरून दत्तू म्हणाला. "दादांचा अर्ज आयकाला गोड लागतो."

कमळाकरांनी इकडेतिकडे पाहिलं. ‘अर्जाप्रमाणे नाही’ एवढं बोलले की अब्रू वाचत होती. गावाने इंजिनीयरला शिव्या घातल्या असत्या, बोगनवेल लागली असती आणि सचिव सचिवच राहिले असते. समोर दिलीप खाली बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने ती घरी न बांधता आपल्या मैदानात बांधायला घेतली होती. कमळाकरांना एकदम भरून आलं, आणि त्याचा त्यांना रागही आला.

"वाचा," ते म्हणाले.

रावसाहेबांनी दोन्ही अर्ज खणखणीत वाचले, विरामचिन्हांसकट. ‘गोल मैदान’ आलं तेव्हा भिंतीवर कुजबुज झाली. ‘गोल नको होते, गोल हवे होते’ इथे वाशीच्या टीममधले दोघं तिघं जमिनीवर बसले. मग दिलीप पट्टी हातात धरून उभा राहिला.

"दादा, गोल मैदान तुमीच लिवलंत?"

"मीच लिहिलं," कमळाकर म्हणाले. "अर्जाप्रमाणे मिळालं." आणि त्यांनी सही केली.

रोपं परत गेली आणि सामना झाला. कॉर्नर घ्यायला माणसाला भिंतीवर चढावं लागे, कारण पळत यायला मागे जागाच नव्हती. जमिनीवरून मारलेला प्रत्येक चेंडू कट्ट्यावर आपटून मारणाऱ्याकडेच परत येई. उंच मारावा तर कट्ट्यावर उभा राहिलेला दत्तू दोन फुटांनी वाढलेला. समोरच्या टोकाला वाशीच्या गोलकीपरचीही तीच चैन. दिलीप मात्र नव्वद मिनिटं धावला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा तो लंगडत होता आणि हसत होता, आणि त्याला गावाने खांद्यावर घेतलं. कमळाकरांना कोणी खांद्यावर घेतलं नाही. एकाने फक्त विचारलं, वाटोळ्याला शुद्ध मराठीत काय म्हणतात?

घरी आले तर बायको, गोजरा, तांदूळ निवडत होती. तिला सगळं आधीच कळलेलं दिसत होतं, कारण तिने मान वर केली नाही.

"कोन जिकला?" तिने विचारलं.

"कोणीच नाही," कमळाकर चपला काढत म्हणाले. "एकही गोल झाला नाही."

"असा कसा? तुमचा झाला ना," गोजरा म्हणाली. "चांगला तीन एकरांचा."