कर्णिककाकू बंदूक घेऊन निघतात

कर्णिककाकूंच्या पर्समध्ये वाचायचा चष्मा, बीपीच्या गोळ्या, पेपरमिंट आणि बंदुकीचा एक तुकडा असतो. नळीखालचा लाकडी तुकडा. तो नसला की बंदूक जोडता येत नाही. गाडीने कुठे जायचं असलं की काकू घरीच तो काढून पर्समध्ये टाकतात, बाकीची बंदूक कुलूपबंद पेटीत, पेटी डिकीत. "आता गाडी पळवली कुणी, तरी त्याच्या हाती नुसतं लाकूड आणि लोखंड!" असं म्हणून हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबून निवांत चहा पितात.

काकू इंग्लंडात मेडनहेडला आमच्या शेजारी राहतात. सत्तरीच्या, जेमतेम पाच फुटी, निवृत्त फार्मासिस्ट. छंद एकच: हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांवर शॉटगन चालवणं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ड्रायव्हर आणि हमाल मी. बंदूक कशी न्यावी याचे इथले नियम पुष्कळ आहेत, पण काकूंचे त्याहून कडक. काडतुसं वेगळ्या बॅगेत, आणि ती बॅग कणकेच्या काट्यावर तोललेली. सर्टिफिकेट, म्हणजे बंदुकीचा परवाना, ब्लाउजच्या आतल्या खिशात. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते त्यांच्या मुलीलाही ठाऊक नाही. "लपवायचं नाही, मिरवायचंही नाही," हे त्यांचं पालुपद. पेटी बघून समोरचा डेव्हिड अजून समजतो, की काकू क्लॅरिनेट वाजवतात.

बंदूक मूळची काकांची. ते वारले तेव्हा काकूंकडे लायसन्स नव्हतं, म्हणून ती एका डीलरच्या स्ट्राँगरूममध्ये गेली. "तिकडे परक्यांच्यात पडली होती रे," काकू सांगतात. मग या बाईंनी, ज्यांनी आयुष्यात दिवाळीची टिकलीसुद्धा लांबूनच फोडली होती, नेमबाजी शिकून सर्टिफिकेट काढलं आणि बंदूक घरी आणली. आता रिन्यूअलच्या वेळी पोलीस ऑफिसर विचारतो, "वापरता ना अजून?" वापरत नसाल तर ठेवता कशाला, हा त्यातला अर्थ. म्हणून ऊन असो, गारठा असो, काकू जातात. आपण तर बुवा थक्क होतो.

गेल्या वर्षी काकांच्या जुन्या मित्रांनी स्कॉटलंडला नेमबाजीच्या शूटला बोलावलं. विमानाने जायचं होतं. एअरलाइनला आगाऊ कळवलं, परवानगी आली, सगळं चोख. फक्त निघायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या बायकोने, अश्विनीने, सुऱ्या, कात्र्या, माझा लॅपटॉप पाटावर मांडला आणि काकूंना म्हणाली, "काकू, एवढं खरं शस्त्र शेजारी असताना मी लॅपटॉपची काय पूजा करू?" काकू विरघळल्या. पेटी घेऊन आल्या, स्वतः उघडली, आणि अश्विनीने हळदकुंकू अगदी मोकळ्या हाताने वाहिलं. नंतर काकूंनी बंदूक तीनतीनदा पुसली. पेटीतला स्पंज पुसायचं कुणाला सुचलंच नाही.

एअरपोर्टवर बंदूक रिकामी असल्याची खात्री करायला आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. ऑफिसरने पेटी उघडली. करड्या स्पंजवर लाल-पिवळी पूड आणि चार तांदूळ. त्याने हातमोजे चढवले, कापसाच्या बोळ्याने पूड टिपली आणि ड्रग्ज-स्फोटकं शोधणाऱ्या मशीनकडे घेऊन गेला.

काकूंनी माझी बाही धरली. "रिपोर्ट गेला ना, शिरीष, तर सर्टिफिकेट जाईल. घेऊन जातील रे तिला."

ऑफिसर परत आला तोवर काकूंनी पाठ ताठ केली होती. "ऑफिसर, वर्षातून एकदा आम्ही आमच्या हत्यारांची पूजा करतो," त्या त्याला इंग्रजीत म्हणाल्या. "प्लंबर पान्याची करतो. माझ्या शेजारणीने जरा जास्तच मनापासून केली, इतकंच. ती हळद आहे."

तो पेटीकडे बघत राहिला. "नेम सुधारतो का याने?"

"अजिबात नाही, लव्ह," काकू इथल्या आज्यांसारख्या म्हणाल्या.

तो हसला आणि पेटी पुढे गेली.

नेम खरंच सुधारला नाही. स्कॉटलंडच्या वाऱ्यात काकूंच्या तबकड्या एकामागून एक सुखरूप खाली आल्या. तिथल्या कोचने बंदूक हातात घेऊन पाहिली. "हिचा दस्ता तुमच्यासाठी फार लांब आहे. इंचभर कापून देतो, मग बघा!" काकू नको म्हणाल्या. त्याने पुन्हा सांगितलं. त्या पुन्हा नको म्हणाल्या.

बाकावर बसल्यावर त्यांनी कोट सैल केला तेव्हा खांद्याजवळ बंदुकीच्या धक्क्याने काळंनिळं पडलेलं दिसलं. मला राहवेना. "काकू, कापून घ्या की. एवढा त्रास काढायचा कशाला?"

"यांच्या मापाची आहे ती. सहा फुटी माणूस." त्यांनी दस्ता माझ्याकडे वळवला. एका जागी पॉलिश पार उडालं होतं, आतलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. "नेम धरताना इथे गाल टेकायचे. वर्षानुवर्षं. आता मी टेकते. दस्ता कापला की माझा गाल दुसरीकडे येईल."

त्यांचं नाव पुकारलं. काकू उठल्या, बंदूक दुखऱ्या खांद्याला लावली, मान लांब करून त्या जागेवर गाल टेकला आणि डोळे मिटले. तबकडी उडाली, लांब गवतात जाऊन पडली. काकूंनी अजून चाप ओढला नव्हता.