इंजिनाचं माहेरपण

निवास चौगुल्यांच्या गाडीचं इंजिन पाच दिवस माहेरपणाला राहून गेलं, याचं आमच्या गल्लीत कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की त्याला न्यायला यायला सासरच्यांनी फार वेळ लावला.

निवासराव म्हणजे उद्यमनगरातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. हात असा, की नुसता कान लावून सांगायचे कुठला बोल्ट सैल आहे. रिटायर झाले तेव्हा मालकांनी शाल दिली, नारळ दिला आणि गोदामात नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडलेली आपल्या मुलाची लाल दोन सीटची रेसची गाडी दिली. मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि नारळाबरोबर आणखी काहीतरी द्यावं असं मालकांना वाटलं होतं. गाडी इतकी बुटकी, की गल्लीतली कुत्री तिच्याकडं वरून बघायची. निवासरावांनी दोन वर्षं खपून ती चालती केली. आता त्यांची एकच इच्छा उरली होती. ही गाडी एकदा गगनबावड्याचा घाट उतरवायची आणि चढवायची.

इच्छेला मुदत होती. डावा गुडघा पार गेला होता आणि सोमवार सोडून पुढच्या सोमवारी तो बदलायचा ठरला होता. डॉक्टर स्पष्ट बोलले होते, "ऑपरेशन झालं की असल्या जमिनीला टेकलेल्या गाडीत उठबस बंद. कायमची." म्हणजे घाट करायचा तर त्याच्या आदल्या रविवारपर्यंत. आणि नेमकं त्याच वेळी इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळायला लागलं. इंजिन उतरवल्याशिवाय सील बदलता येत नाही.

रविवारी सकाळी निवासरावांनी अंगणात तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, चेनपुली लावली आणि अकरापर्यंत इंजिन बाहेर काढलं. इथवर सगळं शिस्तीत झालं. चूक पुढं झाली. अंगणातली फरशी उंचसखल, इंजिन तिरकं बसायला लागलं. म्हणून शेजारच्या तालमीतल्या चौघांना बोलावून त्यांनी ते उचलून घरात सोप्यात न्यायला लावलं आणि शिसवी पाटावर ठेवायला सांगितलं. ते उंबऱ्याशी आलं तेव्हा त्यांची बायको शालनताई स्वयंपाकघरातून भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आल्या. चार माणसं काहीतरी जपून घरात आणतायत एवढंच त्यांनी बघितलं, आणि हाताला सवय. त्यांनी तुकडा इंजिनावरून ओवाळला, बाहेर टाकला, पायाशी पाणी घातलं आणि म्हणाल्या, "या आत."

इंजिन पाटावर बसलं आणि म्हणालं, "आई, दमलो बघा. किती दिवस ठेवून घेणार?"

"राहा की निवांत," शालनताई म्हणाल्या. "कसली घाई आहे?"

निवासरावांना घाई होती. पण पाहुण्यासमोर बोलायचं कसं, म्हणून ते गप्प बसले.

सोमवारी त्यांनी सील बदललं, क्लच प्लेट बदलली, गॅस्केट नवीन घातलं. शालनताईंनी इंजिनाला रॉकेलनं अंघोळ घातली, जुन्या मऊ धोतरानं पुसलं आणि तेल कोमट करून पाजलं. इंजिन बोलायला मोठं गोड. सासरचं सगळं सांगायचं. जागा फार अडचणीची, उकाडा मरणाचा, बॉनेट मिटलं की अंधार. गिअरबॉक्स जरा तिरसट, पण मनानं वाईट नाही. शालनताई भाजी निवडत ऐकायच्या आणि "सगळीकडं असंच असतं बाबा" म्हणायच्या. इतकं प्रसन्न तोंड निवासरावांनी त्यांचं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. त्यांनाही बरं वाटलं. मंगळवारी मात्र ते पाना घेऊन उठले.

"चला, बसवून टाकू."

"बसवून टाकू?" शालनताईंनी विळी बाजूला केली. "न्यायला कोण आलंय?"

"कोण यायला पाहिजे? गाडी अंगणात उभी आहे. अठरा पावलं आहेत."

"मग अठरा पावलं येऊ दे की तिला. अहो, तुकडा ओवाळून घरात घेतलंय मी. बोलावणं नाही, कोण आलेलं नाही, आणि आपणच उचलून पोचवायचं? रस्त्यावर पडलंय काय ते?"

"शालन, गाडी येणार कशी? तिचं इंजिन आपल्या सोप्यात बसलंय!"

"ते तिच्याकडच्यांनी बघावं."

आता काय बोलणार, कप्पाळ! निवासरावांनी पाना खाली ठेवला आणि मगदूमअण्णांना बोलावलं. मगदूमअण्णा आरटीओतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गल्लीतलं कुठलंही भांडण ते आधी वहीत उतरवून घेतात आणि मग मिटवतात. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, "गाडीचा जबाब घेतला का?"

कुणीच घेतला नव्हता. सगळे अंगणात गेले. बॅटरी शाबूत होती. अण्णांनी विचारलं, "इंजिनाला नांदवायला न्यायची तुमची तयारी आहे का? असेल तर एकदा हॉर्न."

गाडीनं एकदा हॉर्न दिला.

"न्यायला येण्याचं साधन आहे का?"

गाडी गप्प राहिली. बिचारीचे दिवे तेवढे जरा मंद झाले. अण्णांनी लिहिलं: सासरची तयारी आहे. साधन माहेरी अडकलेलं आहे.

"आता वहिनी, तुमचा जबाब," अण्णा म्हणाले. "एवढ्या एका बाबतीत रीत सोडता येणार नाही का?"

शालनताईंनी बॉनेटवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "अण्णा, माझे वडील गेल्यापासून अकरा वर्षं झाली. माझ्या माहेराहून मला न्यायला मुराळी आलेला नाही. सख्खा भाऊ आहे, तीन तासांवरसुद्धा नाही, दीड तासावर. पण न बोलावता मी गेले नाही. कुणी न्यायला आल्याशिवाय आपण होऊन जायचं, यात बाईमाणसाला काय वाटतं ते मला माहीत आहे. इंजिनाला मी ते करायला लावणार नाही."

निवासराव खाली मान घालून फरशीवरचा तेलाचा डाग बोटानं पुसत बसले. अकरा वर्षांत हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. घाटाची आठवण तेवढी जात नव्हती.

अण्णा दोन दिवस विचार करत होते. गुरुवारी संध्याकाळी ते वही घेऊन आले आणि उभ्यानंच निकाल वाचला. न्यायला येणाऱ्यानं घराच्या हद्दीबाहेरून यावं लागेल. अंगणातून सोप्यात येणं हे येणं धरता येणार नाही. मात्र येणाऱ्यानं स्वतःच्याच बळावर यावं, असं रीतीत कुठंही आढळत नाही.

"म्हणजे ढकलत आणली तर?" निवासरावांनी विचारलं.

"चालेल," अण्णा म्हणाले आणि खाली सही केली.

शुक्रवारी सकाळी तालमीतली पंधरा माणसं आली. गाडी ढकलत चौकापर्यंत नेली, वळवली आणि परत आणली. निवासराव स्टिअरिंगवर बसले होते आणि गुडघा ठणकत असूनही हसत होते. गल्लीच्या चढाला गाडी अडली. तेव्हा दारात पाणी घेऊन उभ्या असलेल्या शालनताईंनी तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि मागून हात लावला. गाडी दारात आली. तिला गूळपाणी झालं, म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी घातलं आणि बॉनेटला गुळाचं बोट लावलं. मग इंजिनाची ओटी भरायची वेळ आली.

"तांदूळ आत गेले तर पिस्टन धरंल गं," निवासराव काकुळतीनं म्हणाले.

शालनताईंनी खण, नारळ, तांदूळ सगळं रुमालात घट्ट बांधलं आणि डिकीत पान्यांच्या पेटीवर ठेवलं. इंजिन उंबरा उतरताना त्यांचे डोळे भरून आले. "दिवाळीला ये," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत इंजिन बसलं आणि पहिल्या चावीला सुरू झालं. तेलाचा एक थेंब गळला नाही.

रविवारी सकाळी निवासराव गाडीत बसले. बसले म्हणजे आधी पाठ टेकवली, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला. शेजारी शालनताई, मांडीवर डबा. गगनबावड्याचा रस्ता मोकळा होता, दोन्हीकडं ऊस, आणि इंजिन असं गात होतं की निवासरावांना काय करू नि काय नको झालं. घाट बारा किलोमीटरवर राहिला असताना निवळेवाडीचा फाटा आला. तिथं इंजिन आपणहून बंद पडलं.

निवळेवाडी हे शालनताईंचं माहेर.

"काय झालं रे?" निवासराव म्हणाले. "आजच्या दिवसात घाट झाला पाहिजे. उद्या माझा गुडघा कापतायत!"

"माहीत आहे," इंजिन म्हणालं. "पण आईंना न्यायला आलोय. मी मुराळी."

शालनताई समोर बघत म्हणाल्या, "मुराळी माहेरचा लागतो. तू कुठलं माहेरचं?"

"मी नसेन. पण आई, गाडी तरी मला न्यायला स्वतः कुठं आली होती? चढाला अडली तेव्हा तुम्हीच मागून हात लावलात. माझी रीत तुम्ही ढकलून पुरी केलीत ती चालली. मग तुमची मी ओढून पुरी केली तर का चालू नये?"

शालनताईंनी बराच विचार केला. डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अण्णांना फोन लावा."

फोनवर अण्णांनी वही उघडल्याचा आवाज आला. "ढकलण्याबद्दल लिहिलंय," ते म्हणाले. "ओढण्याबद्दल मनाई नाही."

निवासरावांनी घड्याळाकडं बघितलं, घाटाच्या बाजूला बघितलं, आणि चाक डावीकडं फिरवलं. इंजिन लगेच सुरू झालं.

गावातल्या दारात शालनताईंचा भाऊ दगडू कडबा रचत होता. लाल गाडी बघून त्याच्या हातातली पेंढी खाली पडली. आतून भावजय भाकरीचा तुकडा घेऊनच धावत आली. तिनं तो ओवाळून बाहेर टाकला.

"अकरा वर्षं, दगडू," शालनताई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "तुला गाडी मिळत नव्हती?"

"गाडी मिळायची, अक्का. दर वर्षी फाट्यापर्यंत यायचो." दगडू कडब्याकडं बघत बोलला. "आबा गेले तेव्हा तुला तोडून बोललो होतो. पुढं यायला तोंड नव्हतं."

शालनताईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग दोघंही रडली. इंजिनानं आवाज अगदी बारीक करून ठेवला होता.

चहा झाल्यावर निवासराव हळूच म्हणाले, "आता निघू या? घाट..."

"निघू कशी?" शालनताई पाटावर बसल्या होत्या. "मला न्यायला कोण आलंय?"

"अगं, मी नाही का?"

"तुम्ही मला घेऊन आलाय. न्यायला येणारा हद्दीबाहेरून यावा लागतो. अण्णांचा निकाल आहे."

निवासरावांनी जरा विचार केला. मुद्दा बिनतोड होता. ते उठले, दोन्ही हातांनी डावा पाय आत घेतला आणि निघाले. हद्दीबाहेर जायचं तर कुठं जायचं, हा प्रश्नच नव्हता. त्यांनी घाट उतरवला, खाली कोकणात वडापाव खाल्ला, घाट चढवला. वळणावळणाला इंजिन हुंकार देत होतं. चार वाजता त्यांनी दगडूच्या दारात हॉर्न दिला.

शालनताई बाहेर आल्या. हातात भाजीची परडी, केसात भावजयीनं माळलेला गजरा.

"इतक्यात?" त्या म्हणाल्या. "इंजिनाला आपण पाच दिवस ठेवून घेतलं होतं. मी इंजिनापेक्षा कमी आहे काय?"

निवासरावांनी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, बायको माहेरी आहे, शुक्रवारी न्यायचंय, उद्या जमणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, घेऊन कोण गेलं होतं. निवासराव म्हणाले, इंजिन. "मग मध्ये नाही आणता येणार," डॉक्टर म्हणाले. "शनिवारी या."

निवासरावांनी फोन खिशात ठेवला आणि गाडी परत घाटाकडं वळवली.