घाबरलेल्या डोळ्यांचे मासे

माझ्या डोळ्यांनी आजवर सत्तावीस सुरमया मारल्या आहेत. हा आकडा परशुअण्णांचा. मी मोजल्या असत्या तर चाळीसच्या खाली थांबलो नसतो.

यात माझं कर्तृत्व एवढंच, की एका रविवारी मी घाबरलो होतो आणि नेमके तेव्हाच शेजारचे परशुअण्णा म्हात्रे आमच्या गच्चीवर आले. बायकोनं सोडे वाळत घातले होते. सोललेल्या कोळंबीची वर्षभराची बेगमी, आणि राखणीला मी. मी राखणीला बसलो की झोपतो, हे पेणच्या मांजरांना आमच्या लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. जाग आली तेव्हा चादर धुतल्यासारखी स्वच्छ, कठड्यावर चार मांजरं जेवणानंतरची आंघोळ करत बसलेली, आणि खालून बायकोचा आवाज, "अहो, सोडे हलवलेत ना?"

मी उभा राहिलो तो उभाच.

"हलू नको!" अण्णा जिन्यातूनच ओरडले. "पापणीसुद्धा पाडू नको, सुरेश! वा! काय भय आहे, वा!" खिशातली काडेपेटी काढून तिच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं माझे डोळे उतरवून घेतले आणि समाधानानं निघून गेले. त्यानंतर गच्चीवर बायको आली. ते मी सांगत नाही.

आठवड्याभरात माझे डोळे पांगाऱ्याच्या लाकडाच्या एका वीतभर माशाच्या तोंडावर आले. पोटाखाली दोन गळ लागले आणि रेवदंड्याबाहेर भर समुद्रात एका सुरमईनं तो मासा पाहिला. तिला अशी काही भूक सुटली की ती गळासकट निघाली ती निघालीच. होडीला ओढत तिनं आम्हांला मुरुडला नेलं, तिथं आम्ही दुपारचं जेवलो, आणि तिनंच परत आणून सोडलं. खोटं वाटत असेल तर मुरुडच्या त्या खानावळीत विचारा. खानावळ आता बंद झाली, तो भाग निराळा.

अण्णा गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. माती कोणी मळो, साचा कोणी भरो, रंग कोणी मारो, डोळ्यांना हात लावायचा तो अण्णांनीच. त्यांच्या हातात ब्रश असला की कारखान्यात शिंकायची बंदी होती. एकदा मालकांना शिंक आली तर मालक रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानात जाऊन शिंकून आले.

अनंत चतुर्दशी झाली की अण्णा ब्रश रॉकेलमध्ये धुऊन ठेवायचे आणि समुद्राकडे तोंड करायचे. दिवाळीपासून माघापर्यंत त्यांचं कॅलेंडर वेगळं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर उतरतो, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. भांगात पाणी निवळतं, आणि निवळलेल्या पाण्यात खोटा मासा दुरून दिसतो. त्यामुळे अण्णांचा भांग चुकत नसे. सख्ख्या पुतणीची पत्रिका हातात आली तेव्हा ती उलटसुलट वाचून ते भावाला म्हणाले, "मुहूर्त चुकलाय. त्या दिवशी भांग आहे."

पेणमध्ये या छंदाला काडीची किंमत नव्हती. बाजारात टोपल्या भरून मासळी येत असताना कुणी शहाणा माणूस होडी भाड्यानं घेऊन, रॉड धरून, दिवसभर उन्हात एका माशाची वाट बघतो? बाजारातली जनाबाई तर त्यांना भर गर्दीत गाठायची. "अण्णा, डिझेल जालून येक मासा आनता! मना सांगाचा नाय, मी घरी आनून दिला असता!"

"तुझा मासा मेलेला असतो, जनाबाई."

"मंग तुमचा काय जित्ता खाता?"

 यावर अण्णा जनाबाईच्या डोळ्यांत निरखून बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "छे. हिच्यात भयच नाही. वाया गेलेले डोळे."

हे वेड त्यांना लागलं एसटीत. अण्णा रोह्याजवळच्या वरसे गावी बहिणीकडे निघाले होते. पेणला गाडीत शिरले तर मधल्या वाटेत एक लांबलचक नळकांडं आडवं, आणि कंडक्टर त्याच्या मालकाला विचारतोय, "चाचा, बंदूक आहे का? बंदुकीला अर्धं तिकीट पडेल." मालक म्हणजे रोह्याचे कासमभाई. मस्कतच्या बंदरात वीस वर्षं नोकरी करून कायमचे घरी आलेले. बाकीच्यांनी तिकडून सोनं आणलं, यांनी आणला मासेमारीचा रॉड, रील आणि प्लॅस्टिकच्या माशांची एक पेटी. कौतुकानं त्यांनी पेटी उघडून एक चकचकीत निळा मासा अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो उजेडात धरला. वडखळ येईपर्यंत उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "डोळे चुकलेत."

"अरे, जपानचा माल हाय तो!"

"मग जपानच्या माणसानं चुकवलेत. हा मासा घाबरलेला नाही. याला कोण खाईल?"

वडखळपासून रोह्यापर्यंत दोघं भांडले. रोह्याला उतरून स्टँडवर भांडले. शेवटची गाडी चुकायला नको म्हणून पुढचं भांडण येत्या भांगात रेवदंड्याला, धर्मा नाखव्याच्या होडीत करायचं ठरलं. ते बारा वर्षं चाललं.

पहिले दोन भांग अण्णा सपशेल हरले. सवयीनं त्यांनी लाकडी माशाला गणपतीचे डोळे काढले होते. शांत, अर्धवट मिटलेले, भक्तावर कृपा करणारे. सुरमया जवळ यायच्या, बघायच्या आणि शरमून माघारी फिरायच्या. धर्मा नाखवा शपथेवर सांगतो, की एका तांबोशीनं त्या माशाला प्रदक्षिणा घातली. मी तीन घातलेल्या पाहिल्या. कासमभाई हसून हसून होडीत आडवे झाले. "गणपतीवाले, आता प्रसाद पण वाट!"

तेव्हापासून अण्णा घाबरलेले डोळे शोधत गावभर फिरू लागले. दातांच्या डॉक्टरच्या बाकावर जाऊन बसायचे. दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकात उभे राहायचे. लग्नात अंतरपाट धरला की मामाच्या खांद्यावरून वाकून नवरदेवाकडे बघायचे. एका नवरदेवानं "हे कोण?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. छान आहे भीती." असे नाना लोकांचे डोळे काढून झाले आणि मग सापडलो मी.

धर्मा नाखव्याच्या खोपटाचं दार हा या दोघांचा फळा. वर्षातल्या आपल्या सगळ्यांत मोठ्या सुरमईची शेपटी ज्यानं त्यानं दारावर ठोकायची. जो जिंकेल त्याची वर, हरलेल्याची खाली. पहिल्या अकरा वर्षांत वरच्या ओळीत कासमभाईंची एकही शेपटी नव्हती. तरी जपानवरची त्यांची श्रद्धा ढळली नाही. "डोळ्यानं काय होतंय? नशीब लागतंय!" असं म्हणत ते तोच निळा मासा बांधायचे आणि अण्णा दरवेळी म्हणायचे, "आण इकडे, दोन मिनिटांत सुधारून देतो." कासमभाई पेटीवर हात ठेवायचे. "हात लावलास तर बघ!"

बाराव्या वर्षी डिसेंबर सरत आला आणि कासमभाईंच्या मुलाचं लंडनहून पत्र आलं. आई वारल्यापासून तुम्ही एकटे आहात, आता इकडेच कायमचे या, कागद झाले आहेत. जानेवारीतलं तिकीट सोबत होतं. त्याआधी एकच भांग उरला होता.

"एकदा, एकदाच," कासमभाई खोपटाच्या दारापुढे उभं राहून म्हणाले, "माझी शेपटी वर पायजे. मग जातो." यात चेष्टा नव्हती. धर्मा नाखवाही हसला नाही. अण्णांनी त्या मोसमात आधीच एक दांडगी सुरमई मारलेली होती, आणि तिची शेपटी वरच्या ओळीत ठोकलेली सगळ्यांना दिसत होती.

भांगाच्या आदल्या दिवशी मला कंपनीत सुट्टी होती. मी अण्णांशी गप्पा मारायला कारखान्यात गेलो. पुढल्या वर्षाच्या कोऱ्या, पांढऱ्या मूर्ती रांगेनं मांडलेल्या, आणि त्यांच्यामधून वाट काढत कासमभाई येत होते. रोह्याहून एसटीनं, सकाळीच. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून तो निळा मासा, आणि अण्णांपुढे धरला.

"घे. काढ डोळे."

"बारा वर्षांनी अक्कल आली?"

"आली. काढ."

अण्णांची छाती एवढी फुगली की शर्टाचं एक बटण तुटून शेजारच्या मूर्तीच्या सोंडेला लागलं. "कुणाचे काढू? सुरेशचे तयार आहेत. एक तलाठी आहे. एक नवरदेव आहे, फार चांगला आहे."

"माझेच काढ," कासमभाई म्हणाले. "तिकीट आल्यापासून रोज आरशात बघतोय, परशुराम. एवढे घाबरलेले डोळे तुला आख्ख्या रायगडात मिळायचे नाय."

मी हसलो. मग लक्षात आलं की मी एकटाच हसतोय.

अण्णांनी स्टूल उजेडात ओढलं आणि कासमभाईंना बसवलं. जपानी माणसाचे डोळे पॉलिश पेपरनं घासून काढले. पांढरा दिला, तो वाळू दिला. मग बारीक ब्रश उचलला आणि समोरच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या माणसाशी बारा वर्षं ते ओरडूनच बोलले होते, त्याच्या डोळ्यांकडे इतका वेळ त्यांनी कधी पाहिलं नसावं.

"मुलगा चांगला हाय," कासमभाई मध्येच म्हणाले. "सून पण चांगली. घर गरम असतं म्हणतो. पण मी तिथं सकाळी उठून करू काय?"

आखणी चालू असताना कोणी तोंड उघडलं तर अण्णा ब्रश फेकायचे. त्या दिवशी त्यांनी ब्रश फक्त थोडा वर उचलला, बोलणं संपेपर्यंत थांबले आणि मग पुन्हा टेकवला.

दुसऱ्या दिवशी समुद्र असा निवळ होता की तळातले खेकडे एकमेकांना काय बोलतात ते ऐकू येत होतं. धर्मानं होडी खडकांच्या बाजूनं हळू चालवली. दहा वाजले, अकरा वाजले. अण्णांच्या गळाला एक लहान सुरमई लागली, ती त्यांनी नुसती आत टाकली, मिरवली नाही.  आणि बाराच्या सुमाराला कासमभाईंचा रॉड असा वाकला, की त्याचं टोक पाण्यात शिरून पलीकडून बाहेर आलं.

"सोड! दोरी सोड!" अण्णा ओरडले.

"गप बस! मला शिकवू नको!"

"आता आवळ! अरे आवळ, मस्कतला काय नुसता चहा पीत होतास का?"

"धर्मा, याला पाण्यात टाक आधी!"

रील किंचाळत होतं, धर्मा सुकाणू फिरवत होता आणि मी, खरं सांगतो, धर्माच्या देवाला आणि कासमभाईंच्या पिराला एकाच वेळी नवस बोलत होतो. अर्ध्या तासानं ती वर आली. निळी, चंदेरी, आणि लांब म्हणजे किती लांब! धर्मानं आकडा घालून ती आत घेतली, तेव्हा तिचं डोकं होडीत पोचलं आणि शेपटी अजून रेवदंड्याच्या पुलाखालून येत होती. कासमभाई तिच्या शेजारी फळीवर बसले आणि लहान मुलासारखे दोन्ही हातांनी तिच्यावर पाणी शिंपडत राहिले.

खोपटापाशी शेपट्या जुळवून बघितल्या. कासमभाईंची दोन बोटं जास्त भरली. अण्णांनी स्वतः आपली शेपटी उपटून खाली ठोकली आणि हातोडी कासमभाईंच्या हातात दिली. "नशिबानं लागली," म्हणाले. "डोळ्यानं काय होतंय?"

जानेवारीत कासमभाई लंडनला गेले. पुढचा भांग आला. अण्णा येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण पहाटे त्यांनीच माझं दार ठोठावलं. होडीत ते नेहमीसारखे उजवीकडेच बसले. डावीकडे, कासमभाईंच्या जागेवर, जेवणाचा डबासुद्धा ठेवू दिला नाही. आणि त्या दिवशी त्यांच्या गळाला जी सुरमई लागली, तिच्याबद्दल मी एक अक्षरही वाढवून सांगत नाही, कारण गरजच नाही. मोसमातली सगळ्यांत मोठी. कासमभाईंच्या सुरमईपेक्षा चांगली चार बोटं मोठी.

धर्मा हातोडी घेऊन आला. "अण्णा, परत वर गेलाव की! आना शेपटी."

"राहू दे," अण्णा म्हणाले. "मोसम संपला."

"मोसम कुठं संपलाय? माघ जावाचा हाय अजून."

"संपला म्हटलं ना!"

संध्याकाळी पेणला उतरल्यावर ते घराकडे न वळता स्टँडसमोरच्या एसटीडी बूथकडे वळले. खिशातल्या चिठ्ठीवरून लांबलचक नंबर फिरवला. गोणपाटातली सुरमई मी खांद्यावर धरून दारात उभा.

"कासम? हो, मीच. गेलो होतो. नाही रे, काही नाही. बांगडासुद्धा नाही. पाणी गढूळ होतं." मग बराच वेळ ऐकत राहिले. "तुझीच वर आहे. हो, बघून आलो. खिळा घट्ट आहे." पुन्हा ऐकलं आणि रिसीव्हर माझ्याकडे केला. "विश्वास बसत नाही त्याचा. तू सांग."

आयुष्यभर मी वीतभर बांगड्याची पुरुषभर मुशी करून सांगितली आहे. उलट्या दिशेनं खोटं बोलायची सवय नव्हती. "खरंच कासमभाई," मी म्हणालो, "रिकाम्या हातानं आलो."

पलीकडून इतकं मोठं हसू आलं की बूथवाल्यानं मान वर केली. अण्णांनी घाईघाईनं रिसीव्हर माझ्याकडून काढून घेतला, दोन्ही हातांनी कानाशी धरला, आणि ते हसू पूर्ण थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.