मुलांपासून सुरक्षित संगणक कक्ष

विक्रोळीच्या एका शाळेत संगणक होते, पण ते सुरू होत नसत. या परिस्थितीचा सर्वांगीण विचार करून संस्थेच्या मंडळाने संगणकाच्या शिक्षिका सुहासिनी बाईंना नवी यंत्रणा आखायला सांगितलं. बाईंची मुलं आजवर फळ्यावर खडूने काढलेल्या कीबोर्डवर शिकत आली होती. यंदा तरी सातवीच्या पोरांची बोटं खऱ्या कीबोर्डवर पडावीत, एवढीच त्यांची तळमळ.

बाईंनी झकास आराखडा केला. एकच दमदार सर्व्हर. सगळं काम तोच उपसणार. मुलांपुढे फक्त पडदा, कीबोर्ड, माऊस आणि पोळीच्या डब्याएवढी पेटी. तिला म्हणायचं थिन क्लायंट.

"म्हणजे सर्व्हर बसला की सगळ्यांची वाट लागली?" अध्यक्ष विद्याधरभाऊंनी विचारलं.

"हो, म्हणून त्याला तेवढं जपायचं," बाई सहज बोलून गेल्या. मंडळाने जपण्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

सर्व्हरला गारवा लागतो, म्हणून एसी आला. धूळ चालत नाही, म्हणून चपला-बूट बाहेर. मग मोज्यांना वास येतो असं निदर्शनास आलं, सबब मोजेही बाहेर. मुलं श्वास घेतात आणि खोली तापते, म्हणून त्यांनी थोडी थोडी यावं. पण दार सारखं उघडलं तर गारवा जातो! अखेर काचेचं दार बसलं, त्याला कुलूप लागलं, आणि विद्यार्थ्यांनी व्हरांड्यातून निरीक्षणात्मक अध्ययन करावं, असं परिपत्रक निघालं. खंडेनवमीला भाऊंनी सर्व्हरची यथासांग पूजा केली. पूजलेलं यंत्र त्या दिवशी वापरायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे कधी वापरायचं, हे कुणी विचारलं नाही.

"भाऊ, मुलांना आत सोडा की हो!" बाई कळवळून म्हणाल्या.

"अहो बाई, तुमची यंत्रणा किती छान चाललीय! एकदा तरी बंद पडली का?"

"वापरलीच नाही तर बंद कशी पडेल?"

"तेच तर म्हणतोय ना मी!" भाऊ खूश होऊन म्हणाले.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पालकसभेत उठून त्यांनी सांगून टाकलं, "तुमच्या मुलांनी वर्षभरात एकदाही माऊस हातात धरलेला नाही." आता भाऊंची बिनपाण्याने होणार, या कल्पनेने बाईंना गुदगुल्या झाल्या.

सातवीतल्या इरावतीची आई उभी राहिली. "म्हणजे सगळं अजून नवंकोरं आहे? नाहीतर आमच्याकडे, पोरांनी हात लावला की वस्तू गेलीच समजा! माझ्या धाकटीलाही इथेच घालणार हां मी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊ नम्रपणे हात जोडून उभे राहिले आणि बाई मटकन खाली बसल्या.

तुम्ही मात्र हसू नका. तुमच्या शोकेसमधल्या त्या चांगल्या कपांतून तुम्ही स्वतः चहा कधी प्यायलात?