सगळी झाडं पास

आमचे सासरे लातूरच्या झाडांची तबियत तपासायचे. अगदी डॉक्टर तपासतो तशी. सकाळचा चहा झाला की खाकी हाफ पँट, वर बनियन, डोक्यावर वनखात्यातली जुनी टोपी आणि हातात लाकडी हातोडी, असे ते बाहेर पडायचे. झाड दिसलं की थांबायचं, बुंध्यावर टकटक करायचं, कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मागून ऑटो जावो, पाण्याचा टँकर जावो, डोळे उघडायचे नाहीत. मग बुंध्यावर थाप मारून गल्लीला ऐकू जाईल असा निकाल द्यायचा, "ठणठणीत हाय."

निकाल नेहमी हाच. वाळवीनं अर्धं पोखरलेल्या गुलमोहरालाही हाच आणि महापालिकेनं लावून विसरलेल्या, कुंपणाच्या जाळीतच वाळून गेलेल्या रोपालाही हाच. "मामा, ते तर मेलंय," असं मी एकदा म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "झोपलंय. पाणी घाल."

आता आमची गल्ली कसली, तर कोचिंग क्लासवाल्यांची. दर भिंतीवर कुणाचा तरी हसरा फोटो आणि त्याखाली मार्क. रविवारी टेस्ट झाली की सोमवारी निम्म्या पोरी जेवत नाहीत. मी वरच्या मजल्यावर मुलींना ठेवून घेते, खाली त्यांची मेस चालवते, म्हणून ताटात उरलेल्या भाकरीवरून मला टेस्टचा निकाल कळतो. अशा गल्लीत हा एक परीक्षक, ज्याच्याकडे कुणी नापासच होत नव्हतं. मुली गॅलरीतून ओरडायच्या, "आप्पा, आमचेपण पेपर तुम्हीच तपासा की." सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते. मामा म्हणणारी मी एकटी.

नोकरी त्यांची माहूर-किनवटच्या सागाच्या जंगलात गेली. ठरवून दिलेल्या पट्ट्यांतून पायी फिरायचं, कुठं कीड लागली, कुठं वणव्यानं साल भाजली, कुठं शेंडे वाळले ते बघून वर कळवायचं. मामांच्या पट्ट्यात म्हणे रोगच नव्हता. शेजारच्या टेकडीवरचा साग अळीनं जाळीदार झालेला असायचा, ह्यांच्या टेकडीवर सगळं खुशाल. साहेब लोक चेष्टा करायचे की आजारी जंगल असेल तिथं आप्पाची बदली करा, आपोआप बरं होईल. पुढं उपग्रहाचे नकाशे आले. हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे बिघडलेलं. ह्यांच्या हिरव्यागार टेकडीवर लाल डाग दिसायला लागले, तेव्हा मामांनी साहेबाला तोंडावर सांगितलं, "उपग्रहाला वरून टक्कल दिसतं सायेब, ताप न्हाई दिसत."

पण निवृत्त झाल्यावर त्याच उपग्रहाचा त्यांना भारी नाद लागला. आमच्या ह्यांनी त्यांना मोबाईल घेऊन दिला, तेव्हापासून ते लातूर वरून बघायचे. मी पिठात हात घालून बसलेली आणि हे मोबाईल नाकासमोर धरून उभे. "नंदा, हे बघ. खरूज झालेल्या कुत्र्यावानी दिसून राहिलं गाव. आन् ह्ये टिकलीएवढं हिरवं दिसतंय का? ते आपलं निंब."

हे निंब म्हणजे आमच्या फाटकाजवळचं जुनं झाड. मुली त्याच्या सावलीत खुर्च्या टाकून पाठांतर करायच्या. मामांचा फेरा तिथून सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा.

मला ह्या सगळ्याची लाज वाटायची. लाज लग्नाआधीपासूनचीच. नांदेडला मला बघायला आले तेव्हा सगळे पोह्यांच्या बशा घेऊन बसलेले आणि मामा दिसेनात. बाहेर बघितलं तर आमच्या अंगणातल्या बदामाला कान लावून उभे. गल्लीतली पोरंसोरं कंपाउंडवर चढून बघतायत. आत येऊन ते माझ्या वडलांना म्हणाले, "झाडाची तबियत दुरुस्त हाय. घर चांगलं हाय. पोरगी पसंत." पुढच्याच उन्हाळ्यात तो बदाम उभाच्या उभा वाळला. वडील त्यानंतर प्रत्येक दिवाळीला मला विचारायचे, "तुझ्या सासऱ्यानं सध्या कुणाला पास केलं?"

लग्नानंतर तर रोजचंच झालं. देगलूरहून, निलंग्याहून आईबाप मुलीला ठेवायला यायचे. मी पाणी कसं चोवीस तास आहे, बाहेर जायची शिस्त कशी कडक आहे ते सांगत असायची, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून फाटकाकडे. तिथं हाफ पँटीतला म्हातारा निंबाला मिठी मारून उभा. ते काही विचारायचे नाहीत. न विचारण्यानंच माझा जीव जमिनीत जायचा. घरात मी कधी बोलले नाही. पण ते फाटकाकडे निघाले की मी आत काहीतरी काम काढायची.

मग शहरातल्या झाडांची मोजणी निघाली. टी-शर्ट घातलेली तरणी मुलं-मुली गल्लीत आली. प्रत्येक झाडाचा मोबाईलवर फोटो घ्यायचा, घेर मोजायचा, तब्येत लिहायची, नंबराचा पत्रा ठोकायचा. मामा त्यांच्या मागेमागे. चिंच, अशोक, करंज नीट पार पडले. आमच्या निंबापाशी मात्र त्यातली एक मुलगी खाली बसली, मुळाजवळ उगवलेली अळंबी तिनं बोटानं दाबून बघितली, वरच्या फांदीच्या बेचक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे धोकादायक आहे. आतून कुजलंय."

मामांनी गल्ली डोक्यावर घेतली. माहूरच्या जंगलात किती पावसाळे काढले ते सांगितलं, हातोडी ठोकली, कान लावला. कान लावून ते जरा जास्तच वेळ उभे राहिले हे मला दिसलं होतं. मग म्हणाले, "ठणठणीत हाय." गॅलरीत मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढं महापालिकेचा माणूस आला, त्यालाही मामांनी असंच परतवलं. वनखात्यातला जुना माणूस जबाबदारी घेतोय म्हटल्यावर तोही कटकट नको म्हणून गेला.

उन्हाळ्यात एका दुपारी वावटळ उठली. पाऊस नाही, नुसती धूळ आणि वारा. मुली खुर्च्या उचलून आत पळाल्या. शाहीन पुस्तक विसरलं म्हणून परत फिरली आणि तेवढ्यात ती वरची फांदी खाली आली.

शाहीन उदगीरची. तिच्या वडलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. घरातली पहिली मुलगी, जी शिकायला बाहेर पडली. फांदीचा मुख्य भार फाटकावर गेला म्हणून जीव वाचला, पण उजवा हात मनगटात मोडला. परीक्षा तोंडावर आलेली. दवाखान्यात तिला कळा येत होत्या, तरी ती डॉक्टरांना एकच विचारत होती की प्लास्टरमधून बोटं किती बाहेर राहतील.

मामा दवाखान्यात आले नाहीत. घरी येऊन बघते तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. ताट वाढलं, तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड तोडायला माणसं आली. मला वाटलं होतं मुली आता झाडाचं नाव काढणार नाहीत. पण त्या खाली उतरल्या आणि झाडासमोर उभ्या राहिल्या. एक फांदी पडली म्हणून अख्खं झाड कशाला तोडता, आमच्या आप्पांना विचारा, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतले लोक जमले. आणि त्याच वेळी फाटकाशी एक ऑटो थांबला. बसस्टँडवरून शाहीनचे वडील आले होते. हातात कापडी पिशवी, पायांत रबरी चपला. ते गर्दीच्या कडेला उभे राहिले.

मामा बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी धोतर नेसलं होतं, डोकं उघडं होतं. मुली म्हणाल्या, "आप्पा, सांगा ह्यांना." मामांनी झाडाला हातही लावला नाही.

"पोकळ हाय," ते म्हणाले. "मला तवाच ऐकू आलं व्हतं."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या क्षणी मला घरात शिरून दार लावून घ्यावंसं वाटलं. त्यांची हाफ पँट, टोपी, मिठ्या मारणं, ह्या सगळ्याची मिळून जेवढी लाज मला आजवर वाटली असेल तिच्याहून ही मोठी होती. न कळणं वेगळं. ह्यांना कळलं होतं.

मामा गर्दीतून वाट काढत शाहीनच्या वडलांसमोर गेले. हात जोडले. "भाई, झाड बिमार था. मेरेकू मालूम था. मैं बोल्या नै."

ते गृहस्थ म्हणाले, "हात तो जुड जाएगा, चाचा. बच्ची का साल गया तो कौन जोडेगा?" आवाज चढवला नाही. मी पुढं होऊन पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं आणि दवाखान्याचा रस्ता विचारला.

करवत चालू झाली. मामा मागच्या ओट्यावर जाऊन बसले. मी रागानंच तिथं गेले. तुम्हाला कळलं होतं तर बोलला का नाहीत, असं स्पष्ट विचारलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी त्या आवाजात बोलले नव्हते.

त्यांनी सांगितलं ते भूकंपाचं. आमचं मूळ गाव किल्लारीकडचं. भूकंपात धाकटे चुलत सासरे आणि त्यांची बायको घराच्या दगडांखाली गेले, एवढंच मला ठाऊक होतं. मामा तेव्हा माहूरला नोकरीवर होते. मिळेल त्या गाडीनं ते गावात पोचले तेव्हा गाव नव्हतंच, दगडमातीचे ढीग होते, आणि दहनाला लाकूड पुरत नव्हतं. मदतकामावरच्या कुणीतरी त्यांना ओळखलं. तुम्ही वनखात्यातले, म्हणाला, वाळलेली झाडं कुठली ते दाखवा, जिवंत झाड आम्हाला तोडता येत नाही. वाळलेलं असं एकही उरलं नव्हतं. समोर एक चिंच होती. भिंत कोसळून तिच्या फांद्या मोडलेल्या, पानं धुळीनं माखलेली.

"मी म्हणलं, वाळलंय," मामा म्हणाले. "हिरवं व्हतं. मला दिसून राहिलं व्हतं."

त्या चिंचेखाली एक म्हातारी घोंगडी अंथरून बसली होती. घर गेलेलं, तिला सावली तेवढीच. मामांचं बोलणं तिनं ऐकलं. उठली, घोंगडीची घडी केली आणि तोडणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून बाजूला उन्हात जाऊन बसली.

"ओलं लाकूड. पेटता पेटेना," मामा म्हणाले. "लई धूर झाला. भावाला माझ्या धड आगबी लागली न्हाई." त्यानंतर झाडाकडे बघून वाईट शब्द तोंडातून निघतच नाही, असं ते म्हणाले.

मी विचारलं, "ती म्हातारी कोण होती?"

"माय माझी."

आजेसासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. मामांनी त्यांना लातूरला ह्या घरी आणलं होतं. पण भूकंपानंतर त्या कुठल्याही छपराखाली बसायला तयार नव्हत्या. स्लॅब बघितला की उठून बाहेर यायच्या. पाऊस नसेल तेव्हा दिवस फाटकाजवळच्या निंबाखाली, जेवणही तिथं, आणि झोपणंही. शेवटचा श्वासही त्यांनी तिथंच घेतला. आमच्या ह्यांना हे माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

शाहीनचा हात मोडला होता, आणि मायची गोष्ट ऐकून तो जुळणार नव्हता. हे त्यांनाही माहीत होतं. ते स्वतःच म्हणाले, "ह्ये कुणाला सांगू नको. सबब वाटंल."

शाहीन आठवडाभर उदगीरला राहून परत आली. डाव्या हातानं उत्तरपत्रिकेतले गोल काळे करायची सवय केली, परीक्षा दिली. त्या वर्षी तिला जमलं नाही. पुढच्या वर्षी नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. जाताना ती सगळ्यांच्या पाया पडली, मामांसमोर जरा थांबली, आणि सलाम करून गेली. माफ केलं की नाही ते तिलाच ठाऊक.

झाड गेलं त्या संध्याकाळी गल्ली भकास दिसत होती. समोरच्या इमारतीवरचा टॉपर मुलांचा बोर्ड प्रथमच आमच्या ओसरीवरून पूर्ण दिसायला लागला. मामा फाटकाजवळ भुसा झाडत होते. झाडून झाल्यावर तिथंच जमिनीवर बसले. उतरतं ऊन थेट तोंडावर येत होतं. येणारे-जाणारे बघत होते, कुणी थांबून बोट दाखवत होतं.

मी दोन कप चहा केला, तिथं नेला आणि त्यांच्याशेजारी खाली बसले. ते म्हणाले, "नंदा, ऊन लागंल. आत जा."

मी पदर डोक्यावर घेतला आणि चहा त्यांच्या पुढं सरकवला.