इंझोरीची उद्योगी मुळे

चैन मिळाली की सजीव बिघडतो आणि हाल झाले की सुधारतो, हे सत्य मूळ-मोजणी कचेरीने १९२१ साली पूर्ण विचारांती मंजूर केले. त्यामुळे इंझोरीच्या गोजराबाईने गावासाठी विहीर मागितली, तेव्हा कचेरीने विहीर खणणारे न पाठवता मुळे मोजणारे पाठवले.

गोजराबाईला प्यायचे पाणी दीड कोसावरून आणावे लागे. दोन खेपांत तिची सकाळ सरायची, आणि पावसाने ओढ दिल्यापासून वावरातली ज्वारी गुडघ्याशीच अडली होती. तिचा सगळा जीव त्या विहिरीत अडकला होता. निरीक्षक उकंडराव बांधावर दिसले, तेव्हा तिला देव भेटल्यासारखे वाटले. (साहेब पाहून असे वाटणे नियमात बसते.)

साहेबांनी ज्वारीच्या एका ताटाशेजारी खड्डा घेतला. वर पानांच्या सुरळ्या झालेल्या, खाली मूळ मात्र चार हात उतरलेले. शेजारच्या कामरगावच्या ओलिताच्या ज्वारीचे मूळ जेमतेम दोन हात भरले होते. उकंडरावांना गहिवरून आले. त्यांनी नोंद केली : "इंझोरीचे मूळ दुप्पट उद्योगी. पाणी दिल्यास आळशी होण्याचा धोका."

गोजराबाई खड्ड्यात उतरली आणि तळाची माती मुठीत दाबून पाहिली. बोटे ओली झाली.

"साहेब, पानी इथंच हाये. अजून चार हात खंदा."

"मूळ संपलं, बाई. मुळापुरतंच खणायचा हुकूम आहे."

"मंग आमी प्यावं काय?"

साहेबांनी उत्तरादाखल तिच्या टाचा तपासल्या. (शेरा : भक्कम. घराजवळ विहीर असलेल्या बायका या बाबतीत फार मागे.)

गोजराबाईला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आले. त्या वर्षी गावात सरकारी मदतीशिवाय निघालेले हे एकमेव पाणी, म्हणून त्याचीही नोंद झाली.

खड्डा रीतसर बुजवला. विहीर नामंजूर झाली. मग या नोंदींचा अहवाल घरात नळ असलेल्या एकशे बेचाळीस सुजाण वाचकांकडे अभिप्रायासाठी गेला. एकशे एकेचाळीस जणांनी कळवले, की इंझोरीच्या माणसांची चिवट जिद्द वाचून आपण भारावून गेलो.

एक अभिप्राय यायचा आहे. तो आपला. घाई नाही, आधी घोटभर पाणी प्या.