आधी पाठ दाखवा

निंबा आप्पांच्या घरी जायचं तर उंबऱ्यावर थांबून आधी पाठ दाखवावी लागते. चप्पल त्यानंतर काढायची. दूधवाला, गॅसचं सिलिंडर आणणारा, पत्रिका घेऊन आलेले व्याही, मत मागायला आलेला उमेदवार, सूट कोणालाच नाही. आप्पा खुर्चीतून न उठता बोट गोल फिरवतात आणि म्हणतात, "पहिले पाठ दखाड, भाऊ." माणूस फिरतो. आप्पा मानेपासून कमरेपर्यंत सावकाश बघतात. मग म्हणतात, "बठ."

शहाद्यात आमची घरं समोरासमोर आहेत. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर असल्यामुळे माझी तपासणी दोनदा होते, येताना आणि जाताना. कारण विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "दूधवाला देवाले येस. तू बातमी लेवाले येस."

आप्पा एसटीत होते. जिल्ह्यातल्या एका लहान स्टँडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. संशय घेणं हा नोकरीचाच भाग होता असं त्यांचं म्हणणं. बाकावर राहिलेली पिशवी, दोन गाड्या सोडून देणारा प्रवासी, खिडकीपाशी रेंगाळणारा विक्रेता, सगळ्यांवर नजर. वेळेआधी आलेल्या गाडीवर तर विशेष. अजूनही पाहुणा ठरल्यापेक्षा लवकर आला तर त्याला पाण्याआधी प्रश्न मिळतो, "लवकर का बरं उना?" काकू आतून सांगतात, "लगीनमा मन्हं वऱ्हाड लवकर उनं. तवपासून यासनी नजर मन्हावर बी शे."

पाठतपासणीचं मूळ मात्र अमेरिकेत आहे. आप्पा स्वतः सुरतेच्या पुढे गेलेले नाहीत. त्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तक आहे, तिथल्या फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळाचं. पुढची आणि शेवटची पानं नाहीत. तोरणमाळला निघालेला कोणी परदेशी पाहुणा ते गाडीत विसरला. बेवारस वस्तूंच्या वहीत नोंद झाली, पण मालक आला नाही. आप्पांनी शब्दकोश शेजारी ठेवून ते वर्षानुवर्षं वाचलं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, पण त्यावर आपलं नाव घातलं नाही. "मालक उना ते?" असं ते म्हणतात.

हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. तो छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवा करायचा. आप्पांनी एका वाक्यात समजावलं, "सारंगखेडानी जत्रानी गाडीमा चढतस, तसं शे."

त्या काळातले खेळाडू डोकं वाचावं म्हणून केस वाढवत, हे मला आप्पांकडून कळलं. एकमेकांच्या हातात हात गुंफून त्रिकोणी फळीने समोरच्यांवर धावून जायची पद्धत होती. इतकी माणसं मेली की राष्ट्राध्यक्षांनी कॉलेजवाल्यांना बोलावून घेतलं. पुढे एक खेळाडू चेंडू घेऊन भलत्याच दिशेला, आपल्याच टोकाकडे पळत सुटला. त्याच्यावर आप्पांचा शेरा असा, "बोर्ड न वाचता गाडीमा बसना तो."

सर्वांत आवडता प्रसंग चेंडू लपवल्याचा. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारने एक निवासी शाळा काढली होती. आप्पा तिला आश्रमशाळाच म्हणतात. तिच्या संघाचा सामना देशातल्या सर्वांत नामांकित विद्यापीठाशी होता. चेंडू हातात आल्यावर शाळेच्या मुलांनी घोळका केला आणि तो एकाच्या जर्सीत, पाठीवर कोंबला. शिंप्याकडून जर्सीला आधीच इलॅस्टिक लावून घेतलं होतं. मग घोळका फुटला. प्रत्येक जण टोपी पोटाशी धरून, जणू चेंडू आपल्याकडेच आहे असा पळू लागला. विद्यापीठाचे खेळाडू दिसेल त्याला पाडत सुटले. पाठीला कुबड आलेला खेळाडू त्यांच्यामधून मोकळ्या हातांनी सरळ शेवटच्या रेषेपर्यंत गेला.

"हात सर्वास्ना देखात," आप्पा म्हणतात. "पाठ एकनी बी देखी नही."

सवयीने मी हा प्रसंग तीन ठिकाणी पडताळला. खरा आहे. शेवटी शाळेचा संघ एका गुणाने हरला, हेही सापडलं. आप्पांच्या पुस्तकात ते पान नाही. सांगितलं तेव्हा म्हणाले, "पेपरवालानी बातमी शे ना? दोन दिन थांब, खुलासा छापतीन."

आता सोमवारांविषयी. दर सोमवारी आप्पा सकाळची धडगावची गाडी पकडतात आणि संध्याकाळी परत येतात. हातात काही नसतं. गल्लीने याचे तीन अर्थ लावले होते: वर कुठेतरी जमीन घेतली आहे, कोणा भगताचं औषध चालू आहे, किंवा तिसरं, जे काकूंसमोर कोणी बोलत नव्हतं. काकूंना ते ठाऊक होतं. एकदा त्या आमच्या ओट्याशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, गावभरन्या बातम्या आनतस ना? मंग ही बी आना."

पुढच्या सोमवारी मी त्याच गाडीत, आप्पांच्या चार सीट मागे बसलो. घाट संपल्यावर एका फाट्यावर गाडी थांबली. चहाची टपरी, तिच्या बाहेर खाट, खाटेवर साठी उलटलेला एक माणूस. आप्पा उठले. वरचा दांडा धरत दारापर्यंत गेले. दोन बायका उतरल्या, एक जण चढला. खाटेवरचा माणूस गाडीकडे बघत होता, आप्पा त्याच्याकडे. घंटी वाजली. आप्पा परत येऊन बसले. धडगावला त्यांनी चहा घेतला आणि दुपारनंतर तीच गाडी परत पकडली. फाट्यावर पुन्हा उठले, पुन्हा दारापर्यंत गेले, पुन्हा बसले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं. "पाठ दखाड," म्हणाले. चालत्या गाडीत, घाटाच्या वळणावर, मी दाखवली.

मग त्यांनी सांगितलं. खाटेवरचा माणूस वेस्ता पावरा. त्यांच्याच स्टँडवर कंडक्टर होता. ते पुस्तक सापडलं त्या दिवशी केबिनमध्ये उभा राहून त्यातली चित्रं बघत होता. दुपारी आप्पा वहीत नोंद करायला बसले तेव्हा पुस्तक जागेवर नव्हतं. त्यांनी वेस्ताला गाडीतून खाली बोलावलं. सगळ्या स्टँडसमोर पाठ फिरवायला लावली, शर्ट वर करायला लावला, तिकिटांची पेटी उघडायला लावली. पुस्तक मिळालं नाही. वेस्ताने शर्ट खोचला, पेटी बंद केली, घंटी मारली.

"एक मिनिट लेट नही," आप्पा म्हणाले. "टाइमवर काढी त्यानी गाडी."

संध्याकाळी घरी निघताना आप्पांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि पुस्तक खाली पडलं. कंबर दुखत होती म्हणून टेकायला त्यांनीच ते पाठीमागे खोचलं होतं. दिवसभर त्यालाच टेकून बसले होते. महिन्याभरात वेस्ताने दुसऱ्या डेपोत बदली मागून घेतली. चेंडू लपवल्याचं पान आप्पांच्या वाचनात त्यानंतर आलं.

"तवपासून पहिले देखस, मंग बोलस," ते म्हणाले.

"मग फाट्यावर उतरत का नाही?"

"दारपावत जास. पुढे पाय जात नही."

काकूंना मी एवढंच सांगितलं की ते एका जुन्या सहकाऱ्याला बघायला जातात. काकू म्हणाल्या, "बघाले? निस्तं बघाले?" त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी एक माणूस आमच्या ओट्याशी थांबला. हातात मिरच्यांची पिशवी. वेस्ता पावराच होता. गाडीत त्याने मलाही पाहिलं होतं. ड्युटीवरच्या मराठीत त्याने विचारलं, "निंबा कंट्रोलर कुठे राहतात?"

मी समोरचं घर दाखवलं. तो लगेच गेला नाही.

"दर सोमवारी गाडीतून माझ्याकडे बघतात," तो म्हणाला. "उतरत नाहीत, बोलत नाहीत. नोकरी सोडून मला सहा वर्षं झाली. त्यांची आणखी काही वस्तू हरवली आहे का?"

मी त्याच्याबरोबर गेलो. आप्पा खुर्चीत होते. दारात सावली पडताच त्यांचं बोट सवयीने वर आलं. वेस्ताने बोट पाहिलं, मिरच्यांची पिशवी खाली ठेवली आणि पाठ फिरवली. शर्टही वर करू लागला.

"नको," आप्पा म्हणाले. "तू नको फिरू, वेस्ता."

खुर्चीच्या हातांना धरून ते उठले. वेस्ता वळून बघेपर्यंत त्यांनी स्वतःच पाठ केली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले.

"खुर्चीमाच व्हतं ते," ते कॅलेंडरला म्हणाले. "मन्हाच मांगे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. वेस्ताने आप्पांची पाठ मानेपासून कमरेपर्यंत बघितली. घाई केली नाही.

"आप्पा," तो म्हणाला, "बंडी उलटी घाली शे."

आणि त्याने चप्पल काढली.